पैकी दुसरी

ग्रिम्सबीत दर मंगळवारी संध्याकाळी
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी इंग्रजी शिकवते.
माशांच्या कारखान्यातून सुटलेली माणसं येतात,
हात लिंबाने धुऊन.
तरी वह्यांना हॅडॉकचा वास येतोच.

मी फळ्यावर लिहिलं :
मॉरीनने ग्लेनिसला सांगितलं की तिची किटली फुटली.
कुणाची?
मॉरीनची, म्हणाला हबतोम.
ग्लेनिसची, म्हणाली दाइवा,
स्वतःची असती तर मॉरीन गप्प बसली असती.
हशा पिकला.
मी म्हटलं, सर्वनाम मोकाट सोडायचं नाही.
त्याच्या मागे, हात पोचेल इतक्या अंतरावर
त्याचं नाम उभं हवं,
नाहीतर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहत नाही.

नानुली हसली नाही. ती पोतीची,
काळ्या समुद्राकाठची.
तिच्या जॉर्जियन भाषेत तो, ती आणि ते
मिळून एकच शब्द,
एका खुंटीला तीन कोट.
पुरतो? मी विचारलं.
घरात कोण कोण आहे हे माहीत असलं की पुरतो.

तिच्या वहीत पाच वाक्यं होती.
मला मुलगा होता आणि होडी होती.
इट निळं होतं.
इट एकोणीस वर्षांचं होतं.
इट पहाटे गेलं.
इट परत आलं.

मी लाल पेनाने चार गोल केले
आणि समासात लिहिलं : कोण?

तिने ते वाचलं. रागावली नाही.
एवढंच विचारलं, दोघांची नावं घेऊन झाली
आणि पुन्हा नाव घ्यायचं नसलं, तर?
मग मी शिकवलं :
पहिल्याला द फॉर्मर, दुसऱ्याला द लॅटर.
पण हे वकिली शब्द, मी बजावलं,
विमा कंपन्यांच्या पत्रांतले.
बोलताना असं कुणी बोलत नाही.

पुढच्या मंगळवारी वहीत दोनच वाक्यं.
मला मुलगा होता आणि होडी होती.
द लॅटर परत आली.

चूक नव्हती.
उपपद, काळ, पूर्णविराम,
कुठेही नव्हती.
मी लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं,
पुन्हा काढलं.
वाक्य सहज वाटत नाही, असं म्हणता आलं असतं.
कोणत्या तोंडाने?

नऊ वाजता वॉल्ट खुर्च्या रचायला आला.
तीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस,
आता इमारतीच्या किल्ल्या सांभाळतो.
वहीवर त्याची नजर गेली. जाणारच होती.
आली ना शी परत? त्याने विचारलं.
होडीला आम्ही शी म्हणतो, बाई.
इट म्हटलं की रुसते.

शी, नानुलीने म्हणून पाहिलं. शी केम बॅक.
मग बराच वेळ काही नाही.
मग ती माझ्याकडे वळली :
आणि ही?
'ही'च्या मागे कुणाला उभं करू?
हात पोचेल इतक्या अंतरावर
माझ्याकडे कुणी नाही.

मी फळा पुसत होते. पुसलेलाच फळा.

नाव काय त्याचं? वॉल्टने विचारलं.
अंझोर.
अवर अंझोर, तो म्हणाला,
इथे घरच्या माणसाला म्हणतात तसं,
अवर केव्ह, अवर लिंडा,
शेजारणीसमोर, दुकानात, दवाखान्यात.
म्हणाला आणि खुर्चीवर खुर्ची चढवत राहिला.

माझ्या पुस्तकात हा नियम नाही.
असता तर मी तो
अपवादांच्या यादीत, मागच्या पानावर शिकवला असता.

नानुलीने दोन्ही वाक्यांवर काट मारली.
खाली पेन्सिलीने लिहिलं : अवर अंझोर.
आणि थांबली.
वाक्य अपुरं होतं. क्रियापदच नव्हतं.
होता की आहे, मी विचारलं नाही.
पुढच्या मंगळवारी क्रियापद घेऊ, म्हटलं,
आणि वही तिच्याकडे सरकवली.